सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर एकच, वेळ मात्र दर ठिकाणी वेगळी. असं का?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. आईला घेऊन जानेवारीत सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचंय, थेट विमानाने. रात्री ११:३५ ला सुटतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५:१५ ला पोचतं असं तिकिटावर आहे, खाली एकूण वेळ १८ तास ४० मिनिटं. इथवर ठीक. पण मी जरा खोलात शिरले आणि गोंधळ वाढतच गेला. अंतर मोजून देणाऱ्या साइटवर दोन विमानतळांमधलं अंतर १५,३४५ किमीच्या आसपास येतं. वेग ताशी ९०० धरला तर सतरा तास झाले, मग वरचे दीड-पावणेदोन तास कुठून आले? बरं, आधीच्या उड्डाणांचे मार्ग एका ॲपवर पाहिले तर अंतर रोज वेगळं, साडेसोळा हजारांच्या मागेपुढे, आणि वेळ कधी साडेसतरा तास तर कधी सव्वाअठरा. सगळ्यात कहर म्हणजे त्या साइटवरची रेषा थेट उत्तर ध्रुवावरून जाते आणि विमान मात्र जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून जातं!

नुसतं कुतूहल म्हणून विचारत नाहीये. आईला रोज रात्री ९ वाजता लांब पल्ल्याचं इन्सुलिन असतं, दिवसातून एकदाच. डॉक्टर म्हणाले की दोन डोसांमधलं चोवीस तासांचं अंतर फार हलवू नका, तासभर इकडेतिकडे चालेल. त्यामुळे खरे तास किती लागणार आणि त्यात फरक किती पडू शकतो हे मला नीट कळायला हवंय. जाणकारांनी प्लीज सांगा.

खिडकीची_सीट

११:३५ ते ५:१५ म्हणजे घड्याळाप्रमाणे पावणेसहा तास, काढायचे मात्र पावणेएकोणीस. उरलेले तेरा तास दोन शहरांच्या घड्याळांमधला फरक आहे. सिंगापूर यूटीसीच्या (जगाच्या प्रमाणवेळेच्या) ८ तास पुढे, न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे.

वाचतोय, धागा छान होणार असं दिसतंय.

गणितवेडी

@चाफेकळी, ध्रुवावरून जाणारी ती रेषा बरोबर आहे आणि हे तुम्हाला कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत पडताळता येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७३.८ अंश पश्चिमेवर. बेरीज जवळपास १७८ अंश, म्हणजे ही दोन शहरं पृथ्वीच्या अगदी विरुद्ध अंगांना आहेत. अशा दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता ध्रुवाला खेटूनच जाणार. आता अंतर काढू. सिंगापूर १.३६ अंश उत्तरेला, तिथून ध्रुव ८८.६४ अंश. न्यूयॉर्क ४०.६४ अंश उत्तरेला, ध्रुवापासून तिथे ४९.३६ अंश. एकूण १३८ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी. गुणाकार करा, १५,३४५ किमी. तुमच्या साइटने नेमकं हेच केलंय.

या रस्त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोन्ही शहरांवर बोट ठेवून दोरा ताणून बघा, तो आपोआप तिथेच जाऊन बसतो. सपाट नकाशावर हे पटत नाही कारण भिंतीवरचे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. ही पद्धत १५६९ सालची, जहाजांना दिशा धरून जाता यावं यासाठी काढलेली. त्यात विषुववृत्तापासून जसजसं लांब जाल तसतसं सगळं ताणलं जातं. आफ्रिका ग्रीनलँडच्या चौदापट आहे पण नकाशात दोन्ही सारखेच वाटतात. ध्रुव तर त्या नकाशात काढताच येत नाही, मग ध्रुवावरून जाणारा रस्ता त्यात दिसणार कसा?

रातकिडा

भारी! मी आत्ता केला गुणाकार, खरंच आला.

पण दोन साइटवर दोन वेगळे आकडे येतात, दहावीस किलोमीटरचा फरक असतो, तो का?

गणितवेडी

@रातकिडा, पृथ्वी नीट गोल नाही म्हणून. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७. एखादी साइट सरसकट ६,३७१ धरून हिशोब करते, दुसरी चपटेपणा लक्षात घेऊन करते. जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. प्रवाशाने त्याची काळजी करू नये, वारा त्याच्या कितीतरी पट जास्त फरक पाडतो.

पुशबॅक

माझं काम फ्लाइट प्लॅनिंगचंच आहे, त्यामुळे थोडं मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

तिकिटावरचे १८:४० हे हवेतले तास नाहीत. तो ब्लॉक टाइम आहे. चाकांखालचे चॉक्स (अडकण) काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू आणि तिकडच्या गेटला लागून चॉक्स परत लागले की बंद. यात पुशबॅक (विमान गेटवरून मागे ढकलणं), इंजिनं चालू करणं, धावपट्टीपर्यंतची टॅक्सी, पुढची विमानं उडेपर्यंतची रांग, तिकडे उतरल्यावर गेट मिळेपर्यंत थांबणं हे सगळं येतं. न्यूयॉर्कच्या जेएफकेसारख्या गजबजलेल्या विमानतळावर दोन्ही टोकं मिळून अर्धापाऊण तास सहज जातो. शिवाय वेळापत्रक एका दिवसाचं नसतं, अख्ख्या मोसमाचं असतं, त्यामुळे बहुतेक दिवशी विमान वेळेत पोचेल असा आकडा धरतात आणि त्यात थोडी ऐसपैस जागा ठेवतात. म्हणूनच ॲपवर तुम्हाला साडेसतरा ते सव्वाअठरा दिसले. ते चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचे आहेत.

दुसरं म्हणजे ताशी ९०० हा वेग काही पूर्ण रस्ताभर नसतो. वर चढायला अर्धा तास आणि उतरायला अर्धा तास लागतो, त्या काळात वेग कमीच असतो. या मार्गावर जे एअरबसचं ए३५०-९००यूएलआर (अतिलांब पल्ल्याचं विमान) जातं त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं. लिटरला ०.८ किलो धरलं तर १३२ टन झालं, आणि विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन आहे २८० टन. टाक्या भरल्या तर जवळजवळ निम्मं वजन इंधनाचंच! एवढं जड विमान सुरुवातीलाच ४०,००० फुटांवर जाऊ शकत नाही. खालच्या थरात सुरुवात करतं, इंधन जळेल तसं हलकं होतं आणि मग दोनदोन हजार फूट वर सरकतं. यालाच स्टेप क्लाइम्ब म्हणतात.

आणि तिसरं, आम्ही कमीत कमी अंतराचा रस्ता शोधतच नाही. कमीत कमी वेळ आणि इंधन लागेल असा शोधतो. वारे पाहून रोज नवा प्लॅन निघतो, म्हणून तुम्हाला रोज अंतर वेगळं दिसलं.

शंकासूर

एक शंका आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखालून जमीन सरकत त्याच्याकडे येत असणार, म्हणजे पश्चिमेकडचा प्रवास लवकर व्हायला हवा. पण होतं उलटच. हे कोणी समजावेल का? शाळेपासून डोक्यात आहे, कोणी धड उत्तर दिलं नाही.

पश्चिमवारा

@शंकासूर, शंका अगदी योग्य आहे. पण पृथ्वी फिरते तेव्हा तिच्यासोबत हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. उभं असतानाच त्याला पृथ्वीचा वेग मिळालेला असतो, उडालं म्हणून तो जात नाही. जमीन खालून सरकून जाणार असती तर हेलिकॉप्टर नुसतं तरंगत ठेवून दुसऱ्या देशात उतरता आलं असतं.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहेच, फक्त आडवळणाने. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर, साधारण ३०,००० ते ४०,००० फुटांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. हाच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात उत्तर आणि दक्षिणेच्या तापमानातला फरक वाढतो तेव्हा जोर जास्त. जपानच्या पूर्वेला पॅसिफिकवर तो फारच जबरदस्त असतो, ताशी २०० ते ३०० किमी सहज. @चाफेकळी, तुमचं विमान जपानच्या बाजूने जातं त्याचं कारण हे. हजारभर किलोमीटर जास्त उडतं पण मागून ढकलणारं वारं मिळतं.

याचं एक ठळक उदाहरण. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा तास धरा. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३२७ किमीपर्यंत गेला होता.

रातकिडा

थांबा थांबा, १,३२७? आवाजाचा वेग तर ताशी १,२३५ च्या आसपास असतो ना. म्हणजे जम्बो जेट सुपरसॉनिक झालं म्हणायचं का?

पश्चिमवारा

नाही हो. आवाजाचा वेग विमानाभोवतीच्या हवेच्या संदर्भात मोजायचा. ती हवाच ताशी ३००-४०० किमीने पळत होती, आणि त्या हवेत विमान नेहमीच्याच चालीने जात होतं. आणि १,२३५ हा आकडा जमिनीवरच्या उबदार हवेचा आहे. ३५,००० फुटांवर उणे ५४ अंश तापमान असतं, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० च्या आसपास उतरतो. आजची मोठी विमानं त्याच्या ०.८५ पट वेगाने जातात, म्हणजे ताशी ९००. धागाकर्तीने धरलेला आकडा असा येतो.

मधुमालती

पण मग येताना आणि जाताना वारा सारखाच ना? जाताना वाचलेला वेळ येताना जातो, फिटंफाट. एकूण हिशोबात काय फरक पडतो?

गणितवेडी

@मधुमालती, असं सगळ्यांनाच वाटतं पण फिटंफाट होत नाही. ९,००० किमीचा रस्ता घ्या. वारा नसेल तर ताशी ९०० ने जाऊन-येऊन वीस तास. आता ताशी १०० चा वारा आणा. मागून असेल तर वेग १,०००, नऊ तास. समोरून असेल तर वेग ८००, सव्वाअकरा तास. बेरीज सव्वावीस. पंधरा मिनिटं गेलीच. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता आणि मागच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. वारा जितका जोरदार तितका तोटा झपाट्याने वाढतो.

पुशबॅक

अगदी बरोबर. म्हणूनच आमची धडपड असते की येताना त्याच वाऱ्याला तोंड द्यायचंच नाही. सिंगापूर-न्यूयॉर्कची गंमत अशी की दोन्ही ठिकाणं जवळजवळ विरुद्ध अंगांना आहेत, त्यामुळे पूर्वेकडून काय आणि पश्चिमेकडून काय, अंतरात फार फरक नाही. जाताना पॅसिफिकवरून पूर्वेकडे, आणि येतानाही बरेचदा अटलांटिक ओलांडून युरोपमार्गे पूर्वेकडेच! म्हणजे जाऊन-येऊन प्रवाशाची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा होते. रोजच असं होतं असं नाही, वाऱ्यावर अवलंबून.

याहून सुंदर उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. सरळ अंतर १२,४०० किमीच्या आसपास. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किमी उडत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० च्या घरात, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या मार्गापेक्षा जवळपास दोन तास आधी. अंतर बघून वेळ ठरवू नका म्हणतो ते यासाठी.

खिडकीची_सीट

१,४०० किमी जास्त आणि दोन तास आधी! हे वाचून दोनदा मागे जाऊन वाचलं. दंडवत.

ध्रुवतारा

सगळं वाऱ्यावर घालू नका हो. आकाशात कुठून जायची परवानगी आहे हा तेवढाच मोठा मुद्दा आहे आणि त्याबद्दल इथे अजून कोणीच बोललं नाही.

हेलसिंकी-टोकियो बघा. रशियावरून जाताना हा प्रवास साडेनऊ तासांचा होता. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं हलली नाहीत, विमानाचा वेग तोच, वाढले साडेतीन तास. काही उड्डाणं तर उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जायला लागली. गमतीची गोष्ट म्हणजे १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने हेलसिंकी-टोकियो सुरू केलं तेव्हाही ते ध्रुवावरूनच जायचं, कारण तेव्हा सोव्हिएत आकाश बंद होतं. चाळीस वर्षांनी फिरून तिथेच आले.

आपल्याकडेही २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश काही महिने बंद होतं आणि २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना तो वळसा पडू लागला.

आता @चाफेकळी यांचा प्रश्न की विमान ध्रुवावरून का नाही जात. जाऊ शकतं. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू पहिलं उड्डाण ध्रुवाच्या बाजूनेच आलं, कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला. पण त्या मार्गाला अटी असतात. तिथली हवा इतकी थंड असू शकते की टाकीतलं इंधन गोठणबिंदूकडे जायला लागतं. जेट ए चा गोठणबिंदू उणे ४०, जेट ए-१ चा उणे ४७. वैमानिक इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवून असतात आणि गरज पडली तर खाली येतात किंवा वेग वाढवतात. विषुववृत्तावरचे उपग्रह ध्रुवाजवळ दिसत नाहीत म्हणून संपर्कासाठी वेगळी सोय लागते. अडचण आली तर उतरायला विमानतळ मोजके. आणि सिंगापूरहून ध्रुवाकडे जायचं तर वाटेत चीन, मंगोलिया आणि सैबेरिया. एवढं करून तिथे मागून वारा मिळतच नाही.

पुशबॅक

@ध्रुवतारा +१. मी वाऱ्यावरच अडकलो होतो, आकाशाच्या परवानगीचा मुद्दा तुम्ही फार छान मांडलात. सकाळी नोटीस आली की अमुक भाग बंद, की आमचा सगळा प्लॅन नव्याने.

मधुमालती

समुद्रावरून जाताना मला कायम धडकी भरते. दोनच इंजिनं असतात ना आता सगळ्या विमानांना? पूर्वी चार असायची.

पुशबॅक

काळजी नको ताई, याचा फार काटेकोर नियम आहे, एटॉप्स म्हणतात. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर किती मिनिटांत जवळच्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे याची ती मर्यादा. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला ६० मिनिटंच मिळायची, त्यामुळे महासागर ओलांडताना किनारे धरून वेडंवाकडं जावं लागे. १९८५ मध्ये १२० मिनिटं झाली, मग १८०, आणि आज ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. इंजिनं तेवढी भरवशाची झाली म्हणूनच हे मिळालं. दक्षिण गोलार्धात याचा परिणाम जास्त दिसतो, कारण जोहान्सबर्ग-सिडनी किंवा सँटियागो-सिडनी या मार्गांवर खाली समुद्र आणि त्याच्या दक्षिणेला अंटार्क्टिका, दुसरं काही नाही.

इतिहासप्रेमी

थोडं अवांतर करतो.

आज १८ तास ऐकून छाती दडपते, पण १९४३ ते १९४५ या युद्धाच्या काळात पर्थहून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, कॅटलिना नावाची पाण्यावर उतरणारी विमानं जायची. अंतर साडेपाच हजार किमीहून थोडं जास्त. वेळ २७ ते ३३ तास! एका उड्डाणात तीनच प्रवासी, बाकी टपाल आणि इंधन. जपानी विमानं टिपतील म्हणून रेडिओ बंद, वैमानिक ताऱ्यांवरून दिशा काढत. एकाच उड्डाणात सूर्य दोनदा उगवताना दिसायचा म्हणून त्याचं नाव डबल सनराइज पडलं. प्रवासी उड्डाणात हवेत सलग इतके तास राहण्याचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. १९४७ मध्ये लंडन-सिडनी ही सेवा सुरू झाली तेव्हा थांबतथांबत चार दिवस लागायचे. आणि आता २०१८ पासून पर्थ-लंडन सलग, १४,५०० किमी, सतरा तासांच्या आसपास. त्यामानाने आपण फार सुखात जातो असं मला मनापासून वाटतं.

जेट स्ट्रीमबद्दल पण एक. हे वारे १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून मोजले. जगभर पोचावं म्हणून त्याने आपला अहवाल एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत छापला, आणि बाहेर जवळजवळ कोणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणाऱ्या बॉम्बर विमानांना हे वारे प्रत्यक्ष लागले तेव्हा जगाला पटलं. या माणसाचं नाव प्रत्येक लांबच्या प्रवाशाला माहीत असायला हवं.

खिडकीची_सीट

@इतिहासप्रेमी काका, यावर स्वतंत्र धागा काढाच. डबल सनराइज माहीतच नव्हतं.

रातकिडा

अवांतरात माझीही भर. टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेला सकाळी पोचतं. निघण्याच्या आधीच पोचलो! ज्याला वाढदिवस दोनदा साजरा करायचाय त्याने हे तिकीट काढावं.

शंकासूर

@रातकिडा हा हा. पण परत येताना एक अख्खा दिवस गायब होतो, तेव्हा वाढदिवस येताना नको.

@पश्चिमवारा, हवा सोबत फिरते हे आता डोक्यात बसलं, मनापासून धन्यवाद.

मधुमालती

@चाफेकळी, मी एक वेगळं मत मांडते. आईंना एवढं सलग बसवण्यापेक्षा मध्ये थांबा घेणारं विमान का नाही बघत? फ्रँकफर्टमार्गे असतं ना.

पुशबॅक

फ्रँकफर्टमार्गे सुमारे १०,२५० अधिक ६,२००, म्हणजे १६,४५० किमी. थेट ग्रेट सर्कलपेक्षा अकराशे जास्त, आणि थेट विमान प्रत्यक्षात जेवढं उडतं जवळपास तेवढंच. म्हणजे अंतरात तोटा नाही. इंधनाच्या दृष्टीने तर थांबा बराच, कारण सलग जाताना शेवटच्या तासांसाठीचं इंधन आधीचे पंधरा तास वाहून न्यावं लागतं आणि ते वाहायलाच आणखी इंधन जळतं. म्हणूनच त्या यूएलआर विमानात १६१ च सीट आहेत, साधी इकॉनॉमी नाहीच. पण एकूण वेळ चार-पाच तासांनी वाढतो, आणि उतरणं, सुरक्षा तपासणी, पुन्हा चढणं हे आलं. कोणाला काय झेपतं त्यावर आहे.

औषधपाणी

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, त्यामुळे तेवढंच बोलते.

चार तासांहून जास्त सलग बसलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. मग ते १३ अधिक ८ असो की सलग १८. उठून चार पावलं चालणं, बसल्या जागी घोटे वरखाली फिरवणं, पाणी पीत राहणं हे दोन्हीकडे लागणारच. केबिनमधली हवा फार कोरडी असते. आइल सीट घ्या म्हणजे उठायला कोणाला विचारावं लागणार नाही. दाबाचे मोजे लागतील का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने घेऊ नका.

इन्सुलिन कुठल्याही परिस्थितीत चेक-इन बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा, शिवाय बॅग मागे राहिली तर पंचाईत. सगळं हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि जादा साठा.

आता वेळेचा हिशोब. @चाफेकळी, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर वरच्या चर्चेतूनच निघतं, बघा. सिंगापूरचे रात्री ९ म्हणजे यूटीसी दुपारी १, म्हणजे जानेवारीत न्यूयॉर्कचे सकाळी ८. निघायच्या रात्री ९ ला डोस घेतला, साडेअकराला विमान सुटलं. पुढचा डोस बरोबर चोवीस तासांनी, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये सकाळी ८ ला. आणि विमान पोचतं ५:१५ ला. मध्ये पावणेतीन तास हातात आहेत. म्हणजे हा डोस हवेत येतच नाही! वाऱ्यामुळे अर्धा तास इकडेतिकडे झाला किंवा विमान दीड तास उशिरा सुटलं तरी अडत नाही. फक्त ८ वाजता तुम्ही इमिग्रेशनच्या रांगेत असू शकता, म्हणून इन्सुलिनचं पेन हाताशी ठेवा. विमान फारच उशिरा सुटलं तर मात्र हवेतच घ्यावं लागेल, तयारी ठेवा. आणि दोन घड्याळं ठेवा, एक सिंगापूरच्या वेळेवरच चालू द्या आणि पोचेपर्यंत त्याच्याकडेच बघा. तिकडे गेल्यावर डोसाची वेळ हळूहळू सरकवायची की सकाळी ८ च ठेवायची हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

चाफेकळी

@औषधपाणी, काय बोलू! मी गेले कित्येक दिवस १८:४० च्या मागे लागले होते आणि डोस हवेत येतो की नाही हे साधं मोजलंच नव्हतं कोणी, डॉक्टरांनाही मी नुसते तासच सांगितले होते. आजच त्यांना हा हिशोब दाखवते. आईला वाचून दाखवलं तर तिला ते पॅसिफिकवरचं वारं जास्त आवडलं, विचारते, विमानात पडद्यावर तो वेग दिसतो का?

थेट विमानच पक्कं करतेय. @मधुमालती, तुमचा मुद्दा पटतो, पण पुन्हा चढणं-उतरणं तिच्या गुडघ्यांना जड जाईल.

आणखी एक. परतीचं तिकीट मार्चच्या शेवटी आहे. तोच हिशोब उलटा करायचा ना?

पश्चिमवारा

हो, दिसतो की. नकाशावर ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशोबाने वेग) बघा, आणि बरेचदा टेलविंड-हेडविंडही (मागचा-समोरचा वारा) देतात. जपान मागे पडल्यावर बघायला सांगा त्यांना, ताशी १,१०० च्या पुढे गेलेला दिसला तर तेच वारं.

पुशबॅक

@चाफेकळी, परतीला एक सांभाळा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात, सिंगापूरमध्ये जात नाहीत. तेव्हा फरक तेराऐवजी बारा तासांचा असेल. सिंगापूरचे रात्री ९ म्हणजे तेव्हा न्यूयॉर्कचे सकाळी ९, आठ नाही. आणि परतीचे तास जाण्याइतकेच असतील असं धरू नका, त्या मोसमाचं वेळापत्रक वेगळं असतं. तिकिटावर सुटायची आणि पोचायची वेळ आहे ती इथे टाका, डोस कुठे पडतो ते आपण मांडून बघू.

चाफेकळी

टाकते संध्याकाळी.